स्थानिक समाज आणि सामाजिक चळवळ : महाडच्या चवदार तळ्याच्या निमित्ताने

१

सामाजिक चळवळींचा अभ्यास आपल्याकडे बहुधा दोन वाटांनी होत आला आहे. पहिली वाट चरित्राची. तीत चळवळ हे एका थोर पुरुषाच्या आयुष्यातील एक प्रकरण असते. तो पुरुष गावात येतो, भाषण करतो, लोक जागे होतात आणि लेखक त्याच्याबरोबर पुढच्या गावी जातो. दुसरी वाट कायदा व राजकारण यांच्या इतिहासाची. तीत ठराव, अधिनियम, खटले आणि निवाडे यांची कालानुक्रमाने मांडणी होते. या दोन्ही वाटांनी पुष्कळ मोलाचे काम झालेले आहे आणि त्यावाचून पुढील अभ्यासकाचे पाऊलही पडणार नाही. तथापि दोहोंत एक उणीव समान आहे. ज्या ठिकाणी चळवळ घडली ते ठिकाण या लेखनात केवळ रंगभूमीसारखे असते. पात्रे येतात, प्रसंग घडतो, पडदा पडतो. त्या ठिकाणच्या माणसांचे परस्परांशी कोणते संबंध होते, त्या संबंधांत आधीपासून कोणता ताण होता आणि पडदा पडल्यावर त्यांचे काय झाले, हे प्रश्न बाजूस राहतात.

समाजशास्त्राने विचारावयाचे प्रश्न नेमके हेच होत. प्रस्तुत लेखात महाडच्या चवदार तळ्याचे प्रकरण उदाहरणादाखल घेऊन एवढेच दाखवावयाचे आहे की, स्थानिक समाजातील चळवळ ही बाहेरून येऊन पडलेली वस्तू नसते. ज्या संबंधांनी तो समाज बांधलेला असतो त्याच संबंधांतून ती उभी राहते आणि तिला होणारा विरोधही त्याच संबंधांतून उभा राहतो. या संबंधांचा सर्वांत विश्वसनीय पुरावा त्या समाजाच्या रोजच्या शब्दांत साठविलेला असतो. प्रस्तुत लेखक भाषाशास्त्राचा अभ्यासक असल्यामुळे या दुसऱ्या मुद्द्यावर येथे अधिक भर दिला आहे, हे आरंभीच नमूद करणे अवश्य आहे.

'चळवळ' या शब्दापासूनच आरंभ करावयास हरकत नाही. चळवळे मूल असे आपण आजही म्हणतो. म्हणजे शब्दाच्या मुळाशी अंगातील अस्वस्थ हालचाल आहे. संघटित सामाजिक प्रयत्न हा अर्थ त्यास पुढे चिकटला. हा मूळ अर्थ अभ्यासकाने ध्यानात ठेवण्यासारखा आहे. अस्वस्थता आधी असते, संघटना मागाहून येते. संघटनेची तारीख सापडते, म्हणून चळवळ त्या तारखेस जन्मली असे आपण लिहितो.

२

महाड हे सावित्री नदीच्या काठी, रायगडाच्या परिसरात वसलेले जुने व्यापारी गाव. ते ज्या जिल्ह्यात आहे त्यास १९८१ पर्यंत कुलाबा जिल्हा म्हणत, आता रायगड म्हणतात. कोकणची खाडी आणि घाटावरचा मुलूख यांच्यामधील ही पेठ असल्यामुळे आसपासच्या खेड्यांतील लोकांना बाजारासाठी येथे यावे लागे. शिवाय ते तालुक्याचे ठिकाण होते. मामलेदाराची कचेरी येथेच होती.

या दुसऱ्या गोष्टीचे महत्त्व कोठे आहे ते पाहू. खेड्यातील महार हा वतनी गावकामगार होता. १८७४ च्या वतनविषयक कायद्याने ही वंशपरंपरागत चाकरी सरकारी चौकटीत बसविली होती. गावचा सारा तालुक्यास पोचविणे, कागद नेणे-आणणे, वर्दी देणे ही कामे त्याच्याकडे असत. म्हणजे महाराला महाडास येण्यावाचून गत्यंतर नव्हते. बाजारासाठी तो एक वेळ न येता तर चालले असते. चाकरीसाठी येणे भागच होते. आता अशा रीतीने चालत आलेल्या माणसाने पाणी कोठे प्यावयाचे? बाहेरगावच्या माणसाला पाणी मिळण्याजोगे महाडातील सार्वजनिक ठिकाण म्हणजे चवदार तळे. त्याच्या चारी बाजूंस रस्ते आणि रस्त्यांपलीकडे प्रामुख्याने सवर्णांची घरे. अस्पृश्यांना तेथे मज्जाव होता. त्यांच्यासाठी एक विहीर होती, ती त्यांच्या वस्तीत, पेठेपासून दूर. डॉ. आंबेडकरांनी या परिस्थितीचे जे वर्णन लिहून ठेवले आहे त्यात ही अडचण मोठ्या स्पष्टपणे आलेली आहे.

येथे समाजशास्त्रीय दृष्टीने पाहिले असता एक विलक्षण रचना दृष्टीस पडते. ज्या व्यवस्थेने महाराला महाडास आणले त्याच व्यवस्थेने त्याला महाडात पाणी नाकारले. वतन हे त्याचे गावातील स्थान होते, हक्क होता आणि वेठही होती. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात गावकामगारांच्या कामांची व हक्कांची जी बारीक नोंद आहे ती वाचली म्हणजे हे दुहेरी स्वरूप ध्यानात येते. परंतु गाडा चालतो कसा हे पाहणाऱ्याचे लक्ष चाकांकडे असते. चाकाखाली कोण येतो हे गाड्याखालच्या माणसाला विचारावे लागते. महाडचा प्रश्न पाण्याचा होता हे खरे. पण त्या पाण्याची तहान वतनाच्या वाटेवर लागलेली होती. सत्याग्रहानंतर लवकरच, १९२८ मध्ये, आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या सुधारणेचे विधेयक मांडले. चरित्रात ही दोन स्वतंत्र प्रकरणे म्हणून येतात. स्थानिक संबंधांच्या बाजूने पाहता ती एकाच प्रकरणाची दोन पाने ठरतात.

३

अडचण असली म्हणजे चळवळ होतेच असे नाही. पाण्याची अडचण महाडास होती तशी शेकडो पेठांत होती. मग महाडच का? येथे स्थानिक समाजाच्या घडणीतील दुसरा घटक पाहावा लागतो.

दक्षिण कुलाबा आणि उत्तर रत्नागिरी या पट्ट्यातील महारांना मुंबई सैन्यातील नोकरीची परंपरा होती. या नोकरीने तीन गोष्टी दिल्या : लष्करी शाळांतील अक्षरओळख, गावाच्या बलुत्यावर अवलंबून नसलेले निवृत्तिवेतन आणि जातीचा विचार न करता हुद्दा मिळू शकतो याचा अनुभव. १८९० नंतरच्या काही वर्षांत महारांची सैन्यभरती बंद झाली, तेव्हा ही दारे मिटली. मिळालेले हातचे गेले म्हणजे होणारी जाणीव ही कधीच न मिळालेल्याच्या दुःखाहून निराळी असते.

महाडजवळच्या रावढळ येथील गोपाळबाबा वलंगकर हे या वर्गाचे प्रतिनिधी होत. १८८६ मध्ये सैन्यातून निवृत्त झाल्यावर ते दापोलीस राहिले. १८८८ मध्ये 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका त्यांनी प्रसिद्ध केली. 'अनार्य दोष परिहारक मंडळी' या संस्थेच्या द्वारे सैन्यभरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून अर्ज तयार केला. १८९५ मध्ये महाड तालुक्याच्या लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली, तेव्हा उच्चवर्णीय सभासदांनी त्यांच्याबरोबर बसण्यास हरकत घेतली. म्हणजे सार्वजनिक संस्थेत अस्पृश्याने बसावे की नाही हा वाद महाडास १९२७ पूर्वी बत्तीस वर्षे होऊन गेलेला होता. वलंगकर १९०० मध्ये निवर्तले. पण निवृत्त सुभेदार, हवालदार व जमादार यांची खेड्याखेड्यांतून पसरलेली वसती तशीच राहिली. पुढे परिषदेसाठी माणसे जमविण्याचे काम ज्यांनी केले त्यांत असे पेन्शनर होते आणि या भागातील तरुणही होते. दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे, ज्यांना पुढे कॉम्रेड आर. बी. मोरे म्हणून लोक ओळखू लागले, हे त्या तरुणांपैकी प्रमुख. महाडास परिषद भरविण्याची खटपट मोरे आणि त्यांचे सहकारी यांची. त्यांनी आंबेडकरांना आणले. हा क्रम ध्यानात न घेतल्यास चळवळीचे कर्तेपण चुकीच्या ठिकाणी लावले जाते, आणि त्यात नेत्याचाही खरा मोठेपणा दिसत नाही. आधीच सज्ज असलेल्या स्थानिक शक्तीला व्यापक अर्थ देणे, हे त्यांचे कार्य होते.

तिसरा घटक सवर्णांमधील भेदाचा. परिषदेस साहाय्य करणाऱ्यांत अनंत विनायक चित्रे आणि महाड नगरपालिकेशी निगडित असलेले सुरेंद्रनाथ टिपणीस हे चांद्रसेनीय कायस्थ प्रभू होते. गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे हे ब्राह्मण, मुंबईच्या सामाजिक कार्यातून आलेले. व्यक्तीची सहृदयता कमी न लेखता असे म्हणता येते की, ज्या जातीने स्वतः धार्मिक अधिकारांबाबत 'ग्रामण्ये' सोसली होती तिच्यात काही माणसे अशी निघणे सामाजिक दृष्ट्या आकस्मिक नव्हते. दुसऱ्या परिषदेसाठी हिंदूंकडून जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. पहिल्या परिषदेनंतर मार खाणाऱ्यांना आसरा मिळाला तोही मुसलमानांच्या घरांत. 'स्थानिक समाज' हा एकजिनसी असतो अशी जी कल्पना नवशिक्या संशोधकाच्या मनात असते ती महाडच्या एका फेरीत नाहीशी होते.

४

येथे भाषेचा मुद्दा अपरिहार्यपणे येतो. मराठीत 'समाज' हा शब्द दोन अर्थांनी चालतो. समाजशास्त्रात तो सर्व माणसांच्या परस्परसंबंधांचे जाळे दर्शवितो. बोलण्यात मात्र 'आमचा समाज' म्हणजे आमची जात. प्रश्नावली घेऊन तालुक्यास गेलेला विद्यार्थी 'तुमच्या समाजात कोणती चळवळ झाली?' असे विचारतो, तेव्हा तो एक विचारीत असतो आणि उत्तर देणारा दुसरेच सांगत असतो. 'गाव' या शब्दाचीही तीच स्थिती आहे. 'गाव तेथे महारवाडा' अशी म्हण आहे. या म्हणीचा सरळ अर्थ दोन्ही एकत्र असतात असा. पण तिच्या रचनेतच गाव निराळे आणि महारवाडा निराळा असे गृहीत धरलेले आहे. महारवाडा गावाच्या सोबत असतो, गावात नसतो. 'गावाने ठरविले' असे जेव्हा कागदोपत्री आढळते, तेव्हा त्या 'गावा'त कोण कोण होते हे तपासल्यावाचून ते वाक्य पुरावा म्हणून वापरू नये.

चळवळीने स्वतःस जी नावे घेतली त्यांचा क्रमही असाच बोलका आहे. वलंगकरांच्या संस्थेच्या नावात 'अनार्य' आणि 'दोष' हे शब्द आहेत : आपण निराळ्या कुळाचे, आणि आपल्यावर ठेवलेला दोष दूर करावयाचा. सरकारी व सुधारकी लेखनात 'अस्पृश्य' हा शब्द रूढ झाला. व्याकरणदृष्ट्या तो विध्यर्थी आहे : ज्यास स्पर्श करू नये तो. त्यात कर्ता कोठेच नाही. अस्पृश्यता जणू त्या माणसाचाच गुणधर्म. आता १९२० नंतरच्या काळातील 'बहिष्कृत' हा शब्द पाहावा. १९२४ ची 'बहिष्कृत हितकारिणी सभा', १९२७ ची 'कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद', ३ एप्रिल १९२७ रोजी सुरू झालेले 'बहिष्कृत भारत' हे पत्र, या सर्वांत तो आहे. हे कर्मणी भूतकालवाचक धातुसाधित आहे. ज्यास बाहेर घातले तो बहिष्कृत; तेव्हा बाहेर घालणारा कोणीतरी असलाच पाहिजे, आणि त्याने ही क्रिया कधीतरी केली असली पाहिजे. याहून महत्त्वाचे असे की, बाहेर घातला जातो तो आधी आत असलेलाच. वाळीत टाकावयाचे तर जातीतल्या माणसालाच टाकता येते, परजातीच्या माणसाला कोणी वाळीत टाकीत नाही. म्हणून 'बहिष्कृत' हे नाव घेणारा माणूस तक्रार करतो आणि त्याच श्वासात सदस्यत्वाचा दावाही सांगतो. चवदार तळ्यावर जाण्यामागचा सारा युक्तिवाद या एका प्रत्ययात सामावलेला आहे, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होऊ नये.

५

मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेली वा चालविलेली पाणवठ्याची ठिकाणे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने, कचेऱ्या अस्पृश्यांस खुल्या असाव्यात, असा त्याचा आशय होता. त्यास अनुसरून महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी तळे खुले असल्याचा ठराव केला. त्यानंतर तीन वर्षे काहीच घडले नाही. ठराव कागदावर राहिला. तळ्यावर कोणी अस्पृश्य गेला नाही.

१९ व २० मार्च १९२७ रोजी परिषद भरली. परिषदेस जमलेल्यांसाठी ४० रुपयांचे पाणी सवर्णांकडून विकत घ्यावे लागले, असे आंबेडकरांचे चरित्रकार धनंजय कीर यांनी नोंदविले आहे. ज्या गावच्या नगरपालिकेने तीन वर्षांपूर्वी पाणी खुले केले होते त्याच गावातील ही खरेदी होय. हक्क आणि व्यवहार यांतील अंतर मोजण्यास याहून नेमके माप क्वचितच सापडेल. दुसऱ्या दिवशी सकाळी चित्रे यांनी सूचना मांडल्यावर परिषदेचे लोक मिरवणुकीने तळ्यावर गेले. आंबेडकर व त्यांच्यामागून इतर यांनी पाणी घेतले. काही वेळाने वीरेश्वराच्या देवळात अस्पृश्य शिरणार अशी आवई उठली आणि जमावाने परतणाऱ्या प्रतिनिधींवर हल्ला केला. पुढे तळ्यातून १०८ घागरी पाणी काढून, पंचगव्य मिसळून तळे शुद्ध करण्यात आले. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. बोले यांच्या ठरावास त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती.

या घटनांत एकच शब्द केंद्रस्थानी आहे : 'सार्वजनिक'. एकोणिसाव्या शतकातील मराठीने तो नव्या अर्थाने घडविला. पुण्याच्या १८७० च्या सार्वजनिक सभेच्या नावात तो आहे आणि जोतीराव फुले यांच्या मरणोत्तर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' या ग्रंथाच्या नावातही तो आहे. दोन्ही ठिकाणच्या 'सर्व जनां'चा आवाका मात्र सारखा नाही. महाडास या शब्दाचे तीन अर्थ एकमेकांवर आदळले. कायद्याच्या भाषेत सार्वजनिक म्हणजे नगरपालिकेच्या स्वाधीन असलेले. रूढीच्या भाषेत सार्वजनिक म्हणजे 'गावा'चे, आणि गाव म्हणजे कोण ते वर सांगितलेच आहे. चळवळीच्या भाषेत सार्वजनिक म्हणजे शब्दशः सर्व जनांचे. शुद्धीकरणाच्या घागरींचा अर्थ या उजेडात पाहिला पाहिजे. मालक कोण हे कागद सांगतो. पण वस्तू विटाळली हे ठरविणारा आणि ती शुद्ध करणारा जो, तो आपल्या कृतीने मालकी सांगत असतो.

पुढे हा वाद न्यायालयात गेला. दुसरी परिषद डिसेंबरच्या २५ तारखेस भरावयाची होती. तत्पूर्वी १२ डिसेंबर १९२७ रोजी काही सवर्ण नागरिकांनी दावा लावला व १४ डिसेंबरास तात्पुरता मनाईहुकूम मिळविला. वादींचे म्हणणे असे की, तळे स्पृश्य वर्गांच्या खाजगी मालकीच्या स्वरूपाचे आहे आणि अस्पृश्यांनी तेथे न जाण्याची वहिवाट अनादि काळापासूनची आहे. या विधानाचे पृथक्करण करून पाहावे. 'स्पृश्य वर्ग' ही काही संस्था नव्हे. तिचा ठराव नाही, कोष नाही, अध्यक्ष नाही. मुसलमान तळ्याचे पाणी भरीत असत, हेही वादींना मान्य होते. तेव्हा 'खाजगी' या शब्दाने धर्माची मर्यादा सांगितली जात नव्हती आणि मालमत्तेचीही नव्हती. ज्यांना आपण वगळतो ते सोडून बाकीचे सर्व, एवढाच त्याचा आशय उरतो. वगळण्याच्या कृतीतूनच हा 'वर्ग' निर्माण झालेला होता.

मनाईहुकुमामुळे डिसेंबरच्या परिषदेत मोठा पेच पडला. जमलेल्यांपैकी पुष्कळांचा कल हुकूम मोडून तळ्यावर जाण्याकडे होता. न्यायालयाशी संघर्ष टाळावा या विचाराने सत्याग्रह तहकूब करण्यात आला. त्याच परिषदेत २५ डिसेंबर रोजी मनुस्मृतीचे दहन झाले आणि आंबेडकरांनी आपल्या भाषणात या सभेची तुलना १७८९ च्या फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेशी केली. दाव्याचा निकाल महाडच्या न्यायालयात १९३१ मध्ये वादींच्या विरुद्ध लागला. ठाण्याचे अपील १९३३ मध्ये फेटाळले गेले. मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी तोच निर्णय कायम केला. अनादि वहिवाट सिद्ध होत नाही, असा त्याचा मथितार्थ होता. पाणी घेतल्यापासून निकालापर्यंत दहा वर्षे लागली, त्यांत तीन दिवस कमी.

समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यास या निकालात एक धडा आहे. 'अनादि' हा रूढीचा आवडता शब्द. परंतु जी रूढी कोणी मोडावयास गेलेच नाही तिला प्रतिबंधाचा इतिहास नसतो. मोडण्याचा प्रयत्न झाला म्हणजेच ती रूढी कागदावर येते, नियम होते, दावा होते. पुष्कळदा जिला आपण जुनी परंपरा म्हणून नोंदवितो ती आपल्या त्या शब्दबद्ध रूपात चळवळीइतकीच नवी असते.

६

चळवळीचा खरा हिशेब खेड्यांत झाला. मार्चच्या परिषदेत आंबेडकरांनी मृत जनावरांचे मांस सोडा, उष्टे-शिळे मागणे सोडा, स्वाभिमानाने राहा, असे सांगितले होते. मेलेले ढोर ओढणे व उष्टे मागणे या गावगाड्याच्या चालीरीती होत्या; त्या सोडणे म्हणजे गावाशी असलेला करार एकतर्फी बदलणे होय. गावाने त्यास आपल्या हातातील साधनाने उत्तर दिले. काम बंद, दुकान बंद, वाट बंद. मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीने १९३० च्या आपल्या अहवालात सामाजिक बहिष्कार हे अस्पृश्यांविरुद्धचे प्रभावी शस्त्र असल्याचे नमूद केले आहे आणि त्याचे मूळ त्यांच्या आर्थिक परावलंबनात दाखविले आहे. ज्यांनी 'बहिष्कृत' हे नाव घेतले त्यांच्यावर बहिष्काराचा प्रयोग व्हावा, हा केवळ शब्दांचा योगायोग नव्हे. नावाने जो कर्ता उघड करावयाचा होता तो आता स्वतःहून पुढे आला.

श्री. एम. एन. श्रीनिवास यांनी १९५९ मध्ये मांडलेली 'प्रभुत्वशाली जाती'ची कल्पना खेड्यातील अशा दडपणाचे स्पष्टीकरण करण्यास उपयोगी पडते : संख्या, जमीन आणि प्रतिष्ठा ज्या जातीकडे एकवटतात तिच्या इच्छेस गावाची इच्छा समजले जाते. परंतु पेठेच्या गावी, जेथे व्यापारी, भटभिक्षुक, कारकून, मुसलमान आणि कायस्थ एकत्र नांदतात, तेथे ही कल्पना जशीच्या तशी लागू होत नाही. महाडास जो विरोध संघटित झाला तो एका जातीच्या प्रभुत्वाने झालेला नव्हता. परस्परांत अनेक बाबतींत न पटणाऱ्या जातींना एकत्र आणणारे सूत्र त्या दिवशी फक्त तळे हे होते. चळवळ आपल्या बाजूचा समूह घडविते, तसाच विरोधकांचाही घडविते. म्हणून एका बाजूच्या अभ्यासाने चळवळ समजत नाही.

७

वरील विवेचनातून अभ्यासपद्धतीसंबंधी काही निष्कर्ष काढता येतील.

पहिला असा की, कालमर्यादा संघटनेच्या स्थापनेपासून धरू नये. महाडची चळवळ १९२७ पासून धरली तर वलंगकर प्रस्तावनेत जातात आणि लष्करी पेन्शनर अजिबात दिसत नाहीत. एलिनॉर झेलियट यांनी १९६९ च्या आपल्या प्रबंधात महार चळवळीची ही मागील मुळे शोधली, तेव्हाच पुढील चित्र स्पष्ट झाले. आनंद तेलतुंबडे यांच्या महाडवरील २०१६ च्या ग्रंथाने स्थानिक संघटकांच्या कामगिरीस तिचे योग्य स्थान दिले.

दुसरा असा की, प्रत्येक साधनाची भाषा वेगळी वाचावी. नगरपालिकेचे ठराव 'खुले' म्हणतात, दावा 'वहिवाट' म्हणतो, चळवळीचे पत्र 'हक्क' म्हणते, शुद्धीकरण करणारा 'विटाळ' म्हणतो. हे एकाच वस्तूचे चार पर्यायी शब्द नव्हेत. चार सामाजिक स्थानांवरून दिसणाऱ्या चार वस्तू आहेत. त्यांचे एका तटस्थ पारिभाषिक शब्दात रूपांतर करण्याची घाई केली तर विषयाचा प्राणच निघून जातो.

तिसरा असा की, ठराव आणि त्याची अंमलबजावणी यांमधील रिकाम्या काळाचा अभ्यास करावा. महाडास ही तीन वर्षे होती. या काळात कोणी काय केले, कोणी काय टाळले, यातच स्थानिक सत्तेचे खरे रूप असते. ज्या वर्षांत काही घडले नाही ती वर्षे इतिहासकार सोडून देतो. समाजशास्त्रज्ञाने ती उचलून घ्यावीत.

चौथा निष्कर्ष नैतिक जबाबदारीचा आहे. स्थानिक चळवळीचे वर्णन 'बाहेरच्यांनी चिथावलेली' असे करणे ही विरोधकांची नेहमीची रीत असते. तिचे श्रेय समग्रपणे एका नेत्यास देणारा भक्तिभाव वेगळ्या हेतूने पण त्याच निष्कर्षास पोचतो. दोहोंच्या मते स्थानिक माणसाने स्वतःहून काही केलेले नसते. परिषदेसाठी खेडोपाडी फिरणारा, बहिष्काराचे दिवस उपाशी काढणारा, ढोर ओढावयास नकार देणारा माणूस दोन्ही वर्णनांतून गळतो. त्याचे नाव बहुधा कोठे छापलेले नसते. ते नगरपालिकेच्या दप्तरात, खटल्यातील जबान्यांत, पेन्शनीच्या नोंदींत, घराघरांतील सांगण्यात शोधावे लागते. आणि यांतील शेवटचे साधन पिढीबरोबर संपत जाणारे आहे.

महार वतन १९५८ च्या कायद्याने संपले, कोकणातील खोती त्यापूर्वीच १९४९ च्या कायद्याने गेली. दरवर्षी २० मार्चला महाडास लोक जमतात आणि तळ्याचे पाणी ओंजळीत घेतात. परंतु प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी एखादे तळे, विहीर, चावडी, मंदिर वा शाळा अशी आहे की जिच्यावरून 'सार्वजनिक' या शब्दाचा अर्थ कोणीतरी कोणाला तरी विचारला होता. आपल्या विभागातील विद्यार्थ्यांनी प्रबंधासाठी विषय शोधताना आधी आपापल्या तालुक्याकडे पाहावे, ठराव केव्हा झाला आणि पाणी केव्हा मिळाले या दोन तारखा शोधाव्यात, आणि त्या दोहोंमधील काळात कोण कोण उभे होते त्यांची यादी करावी. तेवढ्या यादीतून त्या ठिकाणच्या समाजाची जी ओळख होईल ती कोणत्याही सामान्य सिद्धांतातून होण्यासारखी नाही.